साडेतीनशेच्या बर्गरमध्ये पैसे नेमके कशाचे असतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या विजय नगरला एका महागड्या बर्गर साखळीची शाखा उघडली आहे, मुलं तिथेच जायचं म्हणून अडून बसली आहेत आणि चौघांचं बिल दीड-दोन हजारांच्या घरात जातं. घरात दोघं मांसाहारी, दोघं शाकाहारी. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत त्याच्या पाव किमतीत पोट भरतं. मग या बर्गरमध्ये खरंच काही आहे, की नुसता गाजावाजा?

उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण ते तीन गोष्टींवर ठरतं: काय मागवता, किती वाजता जाता आणि कुठे बसून खाता. चिकन किंवा मटणाचा साधा चीज बर्गर, गर्दी नसताना, तव्यापासून दहा पावलांवर बसून खाल्लात तर पैसे बऱ्यापैकी वसूल होतात. शाकाहारी बर्गरचे बहुतेक ठिकाणी होत नाहीत. पार्सलचे कुणाचेच होत नाहीत.

आधी ही कीर्ती आली कुठून ते बघू. फाइव्ह गाइज आणि शेक शॅक या दोन अमेरिकी बर्गर साखळ्या. फाइव्ह गाइज १९८६ साली व्हर्जिनियात सुरू झालं. शेक शॅकची पहिली कायमची टपरी २००४ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये उभी राहिली. दोघांचं म्हणणं एकच: न गोठवलेलं गोमांस, ऑर्डर आल्यावरच तव्यावर. त्या खिम्यात साधारण वीस टक्के चरबी असते. ती वितळून मांस ओलं ठेवते आणि तव्यावर तळून कडा कुरकुरीत करते, त्यामुळे वर नुसतं मीठ-मिरी पुरतं. आपल्याकडच्या साखळ्यांत गोमांस नाही, आणि मध्य प्रदेशात तर २००४ पासून गोवंश वध प्रतिषेधाचा कायदाच आहे. म्हणजे ज्या मालावर ही ख्याती उभी राहिली तो मालच इथे नाही. फलक, दिवे, लाकडी टेबलं आणि कागदात गुंडाळण्याची पद्धत तेवढी तिकडून आली. म्हणून ‘अमेरिकेसारखा लागतो का’ हे विचारण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे, की गोमांस नसताना चरबीचा आणि ओलाव्याचा प्रश्न या किचनने कसा सोडवला आहे.

चिकनपासून सुरुवात करू. नुसत्या छातीच्या मांसात चरबी दोन-तीन टक्केच असते. त्याची पॅटी केली की ती लाकडाच्या भुशासारखी लागते, आणि मग ती गिळता यावी म्हणून वर सॉसचा लपेटा येतो. ज्या बर्गरमधून सॉस कोपरापर्यंत ओघळतो त्याची पॅटी कोरडी असण्याची शक्यता फार. चांगलं किचन मांडीचं मांस घेतं, त्यात थोडी कातडी दळतं आणि चरबी पंधरा टक्क्यांच्या आसपास आणतं. दळताना मांस थंड हवं, शून्य ते चार अंशांत. गरम झालं की चरबी यंत्रातच लिबलिबीत होते आणि तव्यावर पडताच सगळी बाहेर पळते. यंत्राची जाळी साडेचार ते सहा मिलिमीटरची ठीक. त्याहून बारीक दळलं की बर्गर न राहता सीखकबाब होतो.

मिठाचं तर वेगळंच गणित आहे. खिम्यात मीठ आधी घालून मळलं की मांसातली प्रथिनं विरघळून चिकट होतात आणि पॅटी सॉसेजसारखी रबरी बनते. मटणाच्या पॅटीला मीठ तव्यावर टाकताना फक्त वरून लावायचं. चिकनचा खिमा मुळातच सैल, त्याला आकार धरायला थोडं मीठ लागतं: किलोला आठ-दहा ग्रॅम, आणि हात चालवायचा तो अर्धा मिनिट, जास्त नाही. पॅटीचा घास दातांखाली चेंडूसारखा उसळला तर एक तर मळणं जास्त झालंय किंवा ती कारखान्यातून गोठून आलेली आहे.

मटणाची गोष्ट आणखी नाजूक. बोकडाचं मांस कमी चरबीचं, म्हणून चरबी वरून मिसळावी लागते. ती चरबी कोंबडीच्या चरबीपेक्षा जास्त तापमानाला वितळते, म्हणजेच लवकर थिजते. तव्यावरून उतरल्यावर पहिली पाच-सात मिनिटं मटण बर्गर उत्तम लागतो, त्यानंतर टाळूला मेण लागल्यासारखं वाटू लागतं. याला इलाज नाही. मटण बर्गर मागवलात तर फोटो नंतर काढा.

आता तव्याकडे या, कारण खरा फरक इथे दिसतो. हल्ली बहुतेक महागड्या साखळ्यांत तव्यावर चेपलेली पातळ पॅटी मिळते. पन्नास-साठ ग्रॅमचा गार गोळा दोनशे ते दोनशेवीस अंश तापलेल्या जाड तव्यावर पडतो आणि पहिल्या तीस सेकंदांत जड प्रेसने पूर्ण दाबला जातो. तीस सेकंदांनंतर दाबलं तर वितळायला लागलेली चरबी पिळून निघते, म्हणून वेळ इतकी काटेकोर. दीडेक मिनिटात कडा तपकिरी होऊन जाळीदार दिसू लागतात. मग धारदार खरवडणी पॅटीखाली जवळजवळ आडवी सरकवून तळाचा खरपूस थर अख्खा उचलायचा, उलटायचं, वर चीज ठेवायचं आणि पाऊण मिनिटात उतरवायचं. सगळी चव त्या तळाच्या थरात असते. बोथट खरवडणीने तो तव्यालाच चिकटून राहतो आणि तुमच्या वाट्याला उकडलेलं मांस येतं. चिकन असेल तर आतलं तापमान चौऱ्याहत्तर अंशांवर गेलंच पाहिजे. पॅटी पातळ असल्याने एवढ्या वेळात ते जातं.

यात बिघडतं कुठे? गर्दीत. शनिवारी रात्री नऊ वाजता पंधरा ऑर्डरी लागलेल्या असतात, तव्यावरचा मुलगा एकदम बारा गोळे टाकतो आणि तव्याचं तापमान दीडशेपर्यंत खाली येतं. मांसातून सुटलेलं पाणी उडून जाण्याऐवजी तिथेच साचतं आणि पॅटी त्यात शिजते. रंग करडा, कडा मऊ. कृती तीच, माल तोच, पण बर्गर निम्म्या लायकीचा. म्हणून परीक्षा करायची तर संध्याकाळी साडेचार-पाचला जा. त्या वेळेलाही बर्गर भिकार निघाला तर मग ती शाखा विसरा.

गोठवलेली पॅटी ओळखणं सोपं आहे. कंपासने काढल्यासारखी गोल, कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी जाड आणि वरचा रंग सगळीकडे सारखा. हाताने चेपलेली पॅटी वेडीवाकडी असते, कडा बनच्या बाहेर डोकावतात. घड्याळही बघा. दुकान रिकामं असताना तीन मिनिटांत बर्गर हातात आला तर पॅटी आधीच शिजवून गरम कपाटात ठेवलेली होती. सात ते नऊ मिनिटं लागली तर कुरकुर करू नका, त्याचेच पैसे देताय. काउंटरवर सरळ विचारायलाही हरकत नाही: खिमा इथे येतो की तयार पॅटी येते? खरोखर खिमा येत असेल तर सांगताना पोरगा खूश होतो. नसेल तर म्हणतो, ‘सर, सब फ्रेश है.’

बनबद्दल फार लिहायला नको, तरी दोन गोष्टी. ब्रिऑश म्हणजे मुळात लोणी आणि अंडी घातलेला पाव. आपल्याकडे त्या नावाने मिळणारा बन बहुधा बिनअंड्याचा, वरून चकचकीत केलेला असतो. त्यात वावगं काही नाही, मऊपणा आणि किंचित गोडवा पुरेसा आहे. बघायचं ते कापलेली बाजू भाजली आहे का. लोणी लावून चाळीस-पन्नास सेकंद तव्यावर ठेवलेल्या बनवर सोनेरी पापुद्रा येतो आणि तोच रस आत मुरू देत नाही. खालचा बन उचलून बघा. ओला गोळा झाला असेल तर भाजण्याचा कंटाळा केलेला आहे. दुसरी गोष्ट वजनाची. बन सत्तर ग्रॅमचा आणि आत साठ ग्रॅमची एकच पातळ पॅटी असेल तर तुम्ही पाव खाताय. पातळ पॅटीचा बर्गर नेहमी दोन पॅट्यांचा घ्या, जाड पॅटीचा एकच. उलटं केलं की दोन्हीकडून फसतं.

एवढं सगळं मांसाहाराचं झालं. तुमच्या घरातल्या उरलेल्या दोघांसाठी बातमी फारशी चांगली नाही.

मॅकडॉनल्ड्स १९९६ साली भारतात आलं आणि आलू टिक्कीच्या बर्गरने आपल्या जिभेला एक वळण लावलं: शाकाहारी बर्गर म्हणजे बाहेरून चुरा लावून तळलेली, आत मऊ टिक्की. महाग साखळ्यांनीही मुख्यतः तेच उचललं, फक्त टिक्कीत मका, चीज, हालापेनो मिरची वगैरे घातलं. ती पॅटी बहुतेक ठिकाणी उणे अठरा अंशांवर गोठलेली येते आणि सरळ फ्रायरमध्ये पडते. वर सांगितलेलं सगळं कौशल्य, दळण, तवा, खरवडणी, या बर्गरला शिवतसुद्धा नाही. तरी किंमत चिकनपेक्षा तीस-चाळीस रुपयांनीच कमी, कारण भाडं, पगार आणि फलकाचा खर्च शाकाहारी ग्राहकासाठी काही कमी होत नाही. तळलेल्या टिक्कीचाच बर्गर खायचा तर छप्पन दुकानावर जॉनी हॉट डॉगसमोर उभं राहा. तिथे यादीत मोजकेच पदार्थ, तव्यावर भाजलेला गोल बन, आत टिक्की, आणि तवा दिवसभर थंड होत नाही. तिथला अंड्याचा बेंजो, म्हणजे बनमध्ये घातलेलं ऑम्लेट, हा तर तव्यावरच्या कामाचा वस्तुपाठ आहे. महागड्या किचनला मोजक्या यादीची जी शिस्त प्रशिक्षण देऊन शिकवावी लागते, ती इथे गर्दीनेच लावलेली आहे.

साखळीतच शाकाहारी काही घ्यायचं तर चुरा न लावलेलं, तव्यावर केलेलं बघा: मशरूमचा किंवा पनीरचा जाड काप. पनीर असेल तर यादीत ‘पनीर’च लिहिलंय का ते वाचा. वनस्पती तेल घालून केलेल्या नकली पदार्थाला पनीर म्हणून विकता येत नाही.

शाकाहार पाळणाऱ्यांसाठी याहून मोठा प्रश्न तव्याचा आहे. लहान प्रीमियम किचनमध्ये अनेकदा तवा एक आणि फ्रायरही एकच असतो. हिरवा ठिपका पदार्थातल्या घटकांबद्दल सांगतो. त्याच तेलात आधी चिकन तळलं होतं का, ते सांगत नाही. चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: फ्रायर, तवा, उलथनी आणि बन भाजायची जागा. ‘वेगळं आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, काउंटरवरून दिसतं का बघा. आजी-आजोबा सोबत असतील आणि शंका राहिली तर त्यांना तिथे फ्राइजही देऊ नका, कारण आधी गफलत होते ती फ्राइजच्या तेलात.

घरी शाकाहारी पॅटी करायची असेल तर ती साखळीपेक्षा चांगली होते, आणि त्याला कारण आहे: तुम्हाला ती गोठवायची नसते. चौघांसाठी अडीचशे ग्रॅम मशरूम बारीक चिरून मोठ्या आचेवर कोरडे होईपर्यंत परता. मशरूममध्ये नव्वद टक्के पाणी असतं, शेवटी शंभर-एकशेदहा ग्रॅमच उरतील. इथे घाई केली की पॅटी तव्यावर फुटते. त्यात दोनशे ग्रॅम उकडून निथळलेला राजमा अर्धवट ठेचून, एक परतलेला कांदा, मूठभर अक्रोडाचा चुरा आणि चाळीस ग्रॅम कोरड्या पोह्यांची पूड घाला. पाव घालून बांधलेली पॅटी मऊ पडते. पोहे ओलावा धरून ठेवतात आणि कड कुरकुरीत होते, आणि पोहे नाहीत असं इंदूरमध्ये घर सापडणार नाही. शंभर-शंभर ग्रॅमच्या चार पॅट्या करून तासभर फ्रिजमध्ये ठेवा, मग बिडाच्या तव्यावर दोन्हीकडून तीन-तीन मिनिटं. वर जाड लवंगी शेव घालायचा मोह होणारच. घाला, पण सॉसच्या वर आणि अगदी शेवटी, नाहीतर दोन मिनिटांत तिचा लगदा होतो.

पैशांकडे वळतो. साडेतीनशे रुपयांच्या बर्गरमध्ये पोटात जाणारा माल, बन, पॅटी, चीज, सॉस, भाजी आणि डबा धरून, साधारण एकशेदहा-वीस रुपयांचा असतो. साखळ्यांचं गणित असंच बसवलेलं असतं: शंभरातले तीस-पस्तीस खाण्यात, बाकी भाडं, पगार, वीज, जाहिरात, आणि शाखा फ्रँचायझीवर असेल तर रॉयल्टी. टपरीवाल्याचं हेच प्रमाण पंचेचाळीस-पन्नासपर्यंत जातं. त्याचा माल स्वस्त असतो, पण रुपयातला मोठा हिस्सा बशीत येतो. यात कुणी कुणाला लुबाडत नाही. थंडगार हॉलमध्ये दीड तास बसायला मिळतं, स्वच्छ स्वच्छतागृह मिळतं, त्याचेही पैसे आहेत, आणि मुलांच्या दृष्टीने तर बहुधा तेच मुख्य असतं. फक्त ते बर्गरच्या चवीत मोजू नका.

जास्तीचे पैसे वाया जातात ते ‘वरून’ घ्यायच्या वस्तूंत. चीजचा एक स्लाइस वीस ग्रॅमचा असतो; दोनशे ग्रॅमच्या पुड्यात दहा. त्याचे तीस-चाळीस रुपये देणं म्हणजे नुसता छापलेला दर. ट्रफल या महागड्या बुरशीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मेयोतला वास बहुतांशी प्रयोगशाळेत बनवलेल्या सुगंधाचा असतो. काळा बन चवीला पांढऱ्यासारखाच लागतो: बडा घर, पोकळ वासा. कॉम्बोमधल्या फसफसणाऱ्या पेयावर नफा सगळ्यात जास्त, म्हणूनच ते इतक्या प्रेमाने सुचवलं जातं. बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेलं दिसलं तर काढायला सांगा. ते ऐच्छिक आहे, २०२२ पासून तशी स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

यादीवर एक कामाची गोष्ट छापलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना १ जुलै २०२२ पासून पदार्थाच्या कॅलरी लिहाव्या लागतात. त्यावरून पॅटीचा अंदाज बांधता येतो. चीजचा स्लाइस साधारण साठ कॅलरींचा, साठ ग्रॅमची चिकन पॅटी शंभर-सव्वाशेची. एका पॅटीच्या आणि दोन पॅट्यांच्या बर्गरमध्ये फरक शंभराच्या आतच दिसला तर दुसरी पॅटी नावापुरती आहे. शाकाहारी बर्गरच्या कॅलरी चिकनपेक्षा जास्त दिसल्या तर ते तेल आणि मैद्याचं कवच आहे.

शाखा नवी असेल तर आणखी एक सावधगिरी. पहिले काही आठवडे कंपनीची प्रशिक्षणाची माणसं किचनमध्ये उभी असतात, माल भरपूर आणि खरवडण्या नव्या कोऱ्या. ती माणसं परत गेली, अर्धी पोरं नोकरी सोडून गेली, की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शाखेचा खरा चेहरा दिसतो. उद्घाटनाच्या आठवड्यातले कौतुकाचे अभिप्राय वाचून जाऊ नका, ताजे वाचा आणि त्यात ‘गार’, ‘ओला’, ‘उशीर’ हे शब्द किती वेळा येतात ते बघा.

आता पार्सल. तुम्ही लिहिलंय की सानंद या मराठी संस्थेचं नाटक सुटल्यावर घरी जाता जाता मागवायचा विचार असतो. नका मागवू. बंद डब्यात गरम पॅटीची वाफ बनमध्ये शिरते, दहा-बारा मिनिटांत भाजलेला पापुद्रा जातो, पंचवीस मिनिटांत सगळा बर्गर एकजीव होतो. पातळ पॅटी सर्वांत आधी गार होते. मटणाचं वर सांगितलंच. अगदीच मागवायचा झाला तर तळलेल्या जाड चिकनचा मागवा, सॉस वेगळा आणि लेट्यूस नको म्हणून लिहा, आणि पिशवी हातात येताच डब्याची झाकणं उघडा.

घरी आल्यावर मायक्रोवेव्ह नको, त्यात बन चामडं होतो. बर्गर सुटा करा. तवा मध्यम तापवून पॅटी चीजची बाजू वर ठेवून दोन मिनिटं, शेवटची तीस सेकंद झाकण ठेवून. बनची कापलेली बाजू खाली ठेवून चाळीस सेकंद. मऊ पडलेले फ्राइज कोरड्या कढईत एका थरात पसरून मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं हलवा, तेल अजिबात घालू नका, त्यांनी आधीच भरपूर प्यायलेलं असतं.